गुरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल

माझी पहिली गाडी मी घेतली तेव्हा तिला अर्धा कळंब तालुका आधीच ओळखत होता. मला फारतर आठ-दहा माणसं ओळखत असतील, आणि त्यातली निम्मी 'ते कोकणातलं' असंच म्हणायची.

गाडी जुनी. चार गिअर, गोल दिवा, सरळ लांब सीट आणि किक. सेल्फ नाही. टाकीवरचं कंपनीचं नाव गुडघ्यांनी घासून घासून गेलेलं. मागच्या कॅरिअरच्या डाव्या अंगाला लोखंडाचं एक जाडजूड गोल कडं वेल्डिंग करून बसवलेलं होतं. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, जेवणाचा डबा ठेवायला असेल. डबा त्यात इतका सैल बसायचा की चारी बाजूंनी गोणपाट कोंबावं लागायचं, तरी मला शंका आली नाही. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला शंका येत नाहीत असं नाही. लई येतात. फक्त नको तिथं येतात.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. एका रस्त्याच्या कंत्राटदाराच्या मुक्कामावर स्वयंपाकी म्हणून इकडं आलो. रस्ता झाला, कंत्राटदार कर्नाटकात गेला, आणि मला नेमकी त्याच आठवड्यात कावीळ झाली म्हणून मी कळंबमध्येच राहिलो. ज्यांच्या आवारात खोली मिळाली ते गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझी पापणी खाली ओढली, जीभ बाहेर काढायला लावली, मानेखाली दाबून बघितलं आणि म्हणाले, "मी तुला बघू शकतो, पण तुला शेपूट न्हाय. माणसांच्या डॉक्टराकडं जा." आणि स्वतः रिक्षात घालून घेऊन गेले. महिनाभर त्यांच्या घरचं ताक आणि भात खाल्ला. तेव्हापासून त्यांनी काहीही सांगितलं तरी माझ्या तोंडातून 'हो'च निघतं.

बरा झाल्यावर एका धान्यवाल्या मालकाच्या आडतीवर पोत्यांची तोंडं शिवायला लागलो. वर्षभरात माझ्या हातून एक सुई हरवली नाही. त्याचं खरं कारण असं, की मी भीतीपोटी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतो. मालकाला तो प्रामाणिकपणा वाटला. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची एक छोटी डाळमिल आहे, कळंबपासून वीसेक किलोमीटर आत. तिथं किल्ली सांभाळणारा गडी शेजारच्या वस्तीवरचाच होता, तो पोराकडं पुण्याला राहायला गेला. मालकानं मला बोलावलं आणि माझ्या तळहातावर किल्ली ठेवली.

"गेट आठला उघडायचं. आठ म्हंजे आठ. दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर कायम."

मला आजवर कुणी कशाची किल्ली दिली नव्हती. शाळेत वर्गाच्या कपाटाचीसुद्धा नाही. पहिले आठ दिवस ती मी करदोट्याला बांधली. मग रोज सकाळी गेटसमोर, डाळ निवडायला आलेल्या वीस बायकांसमोर, शर्ट वर करून कुलपाला पोट टेकवायची वेळ यायला लागली, तेव्हा आतल्या खिशात टाकून वर सेफ्टी पिन लावायला लागलो. घरी फोनवर आईला सांगितलं तर तिनं वाडीत आपल्या पोराबद्दल सांगितलं की झील मिलीचो म्यानेजर झालो. दर रविवारी ती एकच विचारायची, "किल्ली आसा मा रे?" मी चाचपून 'आसा' म्हणायचो. हे काम गेलं असतं तर पोटाला दुसरं काहीतरी मिळालं असतं, पण आईला तोंड दाखवता आलं नसतं.

अडचण अशी की त्या बाजूला पहिली एसटी नऊला पोचते. सुरुवातीला मी डाळीच्या टेम्पोत मागं बसून जायचो. पण टेम्पोवाल्याचा माल महिन्याभरात संपणार होता, आणि त्याबरोबर माझी सोयही. संध्याकाळी आवारात डोकं धरून बसलो तेव्हा डॉक्टर बाजेवरून म्हणाले, "ती घेऊन जा." आणि पत्र्याखाली गोणपाट पांघरून उभ्या असलेल्या गाडीकडं बोट दाखवलं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सत्तावीस वर्षं हिला किका मारून गेले असं त्यांचं म्हणणं. वर्षभर ती तशीच उभी होती. ती त्यांनी मला भंगाराच्या भावात दिली, कागद माझ्या नावावर करून दिले, आणि वर स्वतःचं हेल्मेटही दिलं. पांढरं, मागं लाल पट्टा असलेलं.

लायसन्सच्या परीक्षेत संगणकावर रस्त्याच्या खुणा आल्या. वळणाच्या सगळ्या खुणा मी झटक्यात ओळखल्या. आमच्याकडं रस्ता म्हणजे वळणच. सरळ रस्ता म्हणून काही असतो हे मला इकडं आल्यावर कळलं, आणि तो इतका सरळ असतो की मला त्याचीच भीती वाटते, पुढचं सगळं आधीच दिसतं.

गाडी शिकणं सोपं, चालू करणं अवघड. डॉक्टर बाजेवर बसून सांगायचे. डाव्या अंगाला कलती कर. तीन किका रिकाम्या मार. आता किल्ली फिरव. आता टाकीवर हात ठेव, थोपट. मी थोपटायचो. मग ते आवाज खाली आणून म्हणायचे, "घाई करू नको. जोर तिला करू दे, तू नुसता हात लाव." त्यांनी आयुष्यभर हजारो गाई-म्हशी मोकळ्या केलेल्या, त्यांची भाषाच ती होती. चौथ्या-पाचव्या किकेला ती चालू व्हायची आणि मला दरवेळी वाटायचं की आता हिला पुसून कोरडं करावं.

आणि तिचा आवाज. सायलेन्सरचं शेपूट सडून गळून पडलेलं, त्यामुळं ती वाजायची नाही, बोलायची. धब, धब, धब, आणि मधेच एक ढेकर. इकडं माळरान मोकळं. सकाळच्या हवेत तो आवाज माझ्या पुढं दीड-दोन किलोमीटर पोचायचा, आणि मी मागून यायचो.

पहिल्या दिवशी सव्वासहाला निघालो. पाऊण तासाचा रस्ता, मी पावणेदोन तास धरले होते. घाबरट माणसाचा हा एक फायदा. आठेक किलोमीटरवर पहिली वस्ती लागते. तिथं रस्त्याच्या मधोमध एक म्हैस आडवी उभी, आणि दाव्याला धरून एक मावशी. मी थांबलो. मावशीनं हेल्मेटकडं बघून बोलायला सुरुवात केली. म्हशीचे दिवस भरून गेलेत, कास उतरलीय, पण व्यायचं नाव नाही, रात्रभर उठबस करायलीय, मागच्या बारीला तुम्हीच हात घातला तेव्हा कुठं सुटली, वर्षभर कुठं होता तुम्ही. हे सगळं ती एका दमात बोलली, आणि म्हशीला वळवून तिची मागची बाजू माझ्या पुढच्या चाकासमोर आणून उभी केली.

मी हेल्मेट काढलं.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं वाकून बघितलं, सीटवर कुणी बसलंय का. कुणी नव्हतं.

"डॉक्टर कुठायत?"

"घरी आहेत. मी... गाडी आता माझी आहे."

"गाडी तुझी आन् म्हैस कुणाची मग?" असं म्हणून तिनं म्हैस काही बाजूला घेतली नाही. डॉक्टरांना विचारून उद्या सांगतो, असं कबूल केल्यावरच मला वाट मिळाली.

पुढच्या गावात पोरं शाळेच्या पाण्याच्या टाकीवर बसलेली. मला बघून ती एका सुरात ओरडली, "वळू आला, वळू आला." मागं बैल काही दिसेना, म्हणून मी चेनमध्ये काही अडकलंय का ते खाली उतरून बघितलं. त्यानंतर तीन ठिकाणी शेळ्या, एका ठिकाणी दोघांनी धरून ठेवलेला बैल. मी प्रत्येक ठिकाणी हेल्मेट काढून माफी मागत गेलो. शेवटी मिलच्या फाट्यावर, लिंबाखालच्या दगडावर एक आजोबा बसलेले. त्यांच्याजवळ कुठलंच जनावर नव्हतं, म्हणून मला हायसं वाटलं. त्यांनी काठी आडवी धरली आणि सांगायला लागले: पाय धरलाय, बसलं की उठवत नाही, उठलं की लंगडतंय, चाराही गोड लागेना.

"बैल कुठाय?" मी विचारलं.

आजोबांनी काठी स्वतःच्या गुडघ्यावर टेकवली. "ह्यो काय."

मिलच्या गेटवर पोचलो तेव्हा आठ वाजून बावीस मिनिटं झालेली. बायका शेताच्या आडवाटेनं केव्हाच येऊन गेटसमोर बसलेल्या. मालक त्या दिवशी नेमका आलेला. त्यानं घड्याळ बघितलं आणि नुसतं एक बोट वर केलं.

संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वळूचं ऐकून ते इतके हसले की बाजेची दोरी कुरकुरली. ते लोखंडी कडं जेवणाच्या डब्यासाठी नव्हतं. त्यात नायट्रोजनचा थंड डबा बसायचा, आणि त्या डब्यात चांगल्या जातीच्या वळूचं बी असायचं, गाई-म्हशी भरवायला. गावोगाव खरा वळू पाळणं बंद झालं आणि ही गाडी फिरायला लागली. म्हणून ही वळू. "ह्या रस्त्याला जेवढी चांगली जनावरं दिसतील," डॉक्टर म्हणाले, "ती सगळी हिच्यावरच आल्याली." मी कड्यातला माझा रिकामा डबा हळूच काढून घेतला आणि दोनदा घासला.

पण हसून झाल्यावर ते उठून बसले. म्हैस कितव्या वेताची, कास किती उतरली, शेळीच्या नाकाला काय होतं, सगळं खोदून विचारलं. वर्षभरात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मावशीला निरोप दिला: सकाळ-संध्याकाळ चालवा, कोमट पाणी पाजा, घाई करू नका, जोर तिला करू द्या. बैलाला, शेळ्यांना नव्या सरकारी डॉक्टरकडं न्यायला सांगितलं. लंगडणाऱ्याचं मी सांगितलं, पण ते माणूस आहे हे काही माझ्या तोंडून निघेना. गुरांच्या डॉक्टरांना माणसाचं विचारलं तर त्यांचा अपमान होईल की आजोबांचा, हे ठरेना. त्यांनी सांगितलं: विटेनं शेका, खाली मऊ भुसा टाका, दोन दिवस दावणीला बांधून ठेवा, बाहेर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सगळे निरोप पोचवले. आजोबांना दावणीचं तेवढं गाळून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. भुसा सोयाबीनचा चालेल का तुरीचा, एवढंच त्यांनी विचारलं.

निरोप सांगता सांगता पुन्हा वेळ गेला. त्या दिवशी मी सहाला निघालो होतो, पण माणसंही आता निरोपाची वाट बघत उभी होती, आणि निरोपावर त्यांचे उपप्रश्न होते. गेटवर पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं. मालक ट्रक भरून घ्यायला आलेला. त्यानं दोन बोटं वर केली आणि या वेळी बोलला.

"तिसऱ्या बारीला किल्ली माझ्या हातात दे. मी मागणार न्हाय, तू आणून द्यायची."

त्या दिवशी मी डाळीच्या धुळीत बसून एकच विचार केला. थांबवणाऱ्यांना 'नाही' म्हणणं हा एक उपाय होता, पण तो माझ्या अंगात नव्हता. ज्या माणसांनी मला ताक-भात घातला त्यांच्यासारखीच ही माणसं होती. राहिला दुसरा उपाय. गाडी ऐकूच आली नाही तर कुणी थांबवणार नाही.

संध्याकाळी परस्पर मिस्त्रीकडं गेलो. अंगभर तेल माखलेला, दखनी बोलणारा, गाड्यांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा माणूस. नवा सायलेन्सर बसवा म्हणालो. त्यानं गाडी चालू करून डोळे मिटून ऐकली.

"ये डॉक्टरसाबकी गाडी है ना? इसमें आवाजच तो है भाई. वो निकाल्या तो बाकी क्या रह्या?"

तरी त्यानं बसवला. गाडी मांजरासारखी झाली. जुना सायलेन्सर तो भंगारात टाकत होता, पण डॉक्टरांची वस्तू टाकून द्यायला माझा हात धजेना. खोलीत ठेवला तर त्यांना दिसणार. मग पोत्यात गुंडाळून गाडीच्याच कॅरिअरला बांधला. ज्याच्यापासून सुटका हवी होती तो असा दोरीनं बांधून माझ्यामागं आला.

आवारात शिरलो तेव्हा डॉक्टर बाजेवर बसून फाटकाकडं पाठ करून होते. गाडी शिकायला लागल्यापासून रोज मी फेरी मारून यायचो तेव्हा चुलीवर चहाचं पातेलं उकळत असायचं. मी ते योगायोग समजत होतो. त्या दिवशी चूल थंड होती. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा ते दचकले.

"कसा आलास? बंद पडली का काय?"

"नाही. सायलेन्सर गळत होता. बदलला."

ते म्हणाले, "नाक्यावर आलास की ऐकू यायची. तवा आधण ठेवायचो." आणि उठून, भिंतीला धरत, चहा ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं मला कुठंही अडकू दिलं नाही. मावशी गोठ्यात पाठमोरी होती, तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरं टाकीवर होती, एकानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आपलं केळ सोलायला लागला. आजोबा लिंबाखाली कळंबच्या दिशेला कान लावून बसलेले, मी त्यांच्या मागून निसटलो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला दुकानातून काहीतरी खिशात घालून निघाल्यासारखं वाटलं.

पण गेटवर पोचलो तेव्हा पावणेसात. कुलूप काढलं, गेट उघडलं, मशीनवरचं कापड काढलं, आवार झाडलं, पाण्याचा माठ भरला, कुलूप बरोबर आहे का ते तीनदा तपासलं. पावणेआठ झाले. आठ झाले. कुणीही आलं नाही. सव्वाआठला मी फाट्याकडं तोंड करून उभा राहिलो. साडेआठला धुरळा उठला. मालकाची जीप.

मालक उतरला. उघडं गेट बघितलं. रिकामं आवार बघितलं. थंड मशीन बघितलं. त्याच्यामागं एक ट्रक येऊन उभा राहिला, त्याला दहा वाजता माल घेऊन निघायचं होतं. मी सेफ्टी पिन काढली, बोटाला टोचून घेतली, किल्ली बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली. आठच्या आत गेट उघडूनसुद्धा ही तिसरी वेळ धरायची की नाही, हे मला कळत नव्हतं. पण त्यानं सांगितलं होतं की मी मागणार नाही.

तेवढ्यात आडवाटेनं बायका आल्या. रमतगमत, एकीच्या हातात अजून दातांची मिसरी. पुढं त्यांची म्होरकी, साठीची, सगळ्यांत जास्त डाळ निवडणारी आणि मालकाला न घाबरणारी एकटीच. मालकानं विचारलं, ही काय यायची वेळ आहे का.

"आमाला काय ठावं गेट उघडलंय म्हणून?" ती म्हणाली. "दोन दिवस लवकर येऊन उन्हात बसलो, आता पुन्ना बसायचं का? आमी ठरवलंय, वळू वाजला की मगच भाकरी बांधायची. आज वाजलाच न्हाय. आमी म्हणलं, कोकणातलं पळून गेलं वाटतं."

"मी दिसलो नाही का तुम्हाला फाट्यावर?" मी विचारलं.

"दिसलास की. मी ह्यांना म्हणलं, त्याच्यासारखंच कुणीतरी चाललंय, पण गाडी वाजंना. मग तू कसा असशील?"

मालक माझ्याकडं वळला. "काय केलंस गाडीला?"

मी सगळं सांगितलं. म्हैस, शेळ्या, बैल, आजोबांचा गुडघा, निरोप, उपप्रश्न, मिस्त्री. सांगत गेलो तसतशा बायका अजूनच हसत होत्या. मालक हसला नाही. त्यानं विचारलं, "जुना सायलेन्सर कुठाय?"

"मागं. पोत्यात."

मालकानं मशीनचे पाने काढून दिले. मालक डोक्यावर उभा, बायका गोल करून बसलेल्या, ट्रकवाला सल्ले देत होता, आणि मी भर गेटात सायलेन्सर बदलत होतो. बसला एकदाचा. कलती केली, तीन रिकाम्या किका, किल्ली, टाकीवर हात. चौथ्या किकेला ती बोलली. धब, धब, धब, आणि ढेकर. मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. लांब कुठंतरी एक म्हैस ओरडली.

मालकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "दोन दिवस वाटत होतं, आवाज वळखीचा हाय. ही होय ती," तो म्हणाला. "आमच्या घरची गाय अडली होती. आईनं देवापुढं बसून अन्नपाणी सोडलं होतं. भर पावसात हा आवाज आला, तवा आई उठली." मग एकदम आठवल्यासारखं घड्याळ बघितलं आणि किल्ली माझ्या हातात परत ठेवली. "ह्याच आवाजानं यायचं. ह्या बायकांच्या वस्तीवरनं सातला वाजत गेली पायजे. कुणाला काय सांगायचं ते त्याच्या आधी सांग. सहाला निघ, पाचाला निघ, ते तुझं तू बघ."

"आणि ती तिसरी वेळ?" मी विचारलं. गप्प बसायचं कधी, हे मला आजही कळत नाही.

"गेट उघडं होतं का न्हाय?"

"होतं."

"मग मिलच्या वेळेचं मी बायकांना विचारीन," असं म्हणून तो म्होरकीकडं बघून तोंड फिरवून आत गेला. म्होरकीनं मिसरी थुंकली आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

त्या संध्याकाळी नाका ओलांडताना मी मुद्दाम एकदा जास्तच मूठ पिळली. आवारात शिरलो तर आधण उकळत होतं. डॉक्टर पातेल्याकडं बघत म्हणाले, "मिस्त्रीचा नवा माल टिकला न्हाय वाटतं." मी म्हणालो, नाही टिकला. मग चहा पिता पिता, जास्त विचार न करता, मी विचारलं की उद्या मागं बसून येता का. किक मी मारीन. तुम्ही नुसतं बसायचं.

सकाळी पाचला मी बाहेर आलो तेव्हा ते स्वच्छ सदरा घालून, हातात जुनी बॅग घेऊन गाडीपाशी उभे होते. त्यांना मागं बसवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. उजवा पाय वाकेना, म्हणून तो फळीसारखा सरळ बाहेर. मी गाडीपेक्षा त्या पायालाच जास्त सांभाळत चाललो होतो.

मावशी रस्त्यावर उभीच होती. तिनं हेल्मेटकडं बघितलं, मग सवयीनं माझ्या मागं वाकून बघितलं, आणि या वेळी तिथं कुणीतरी होतं. तिनं पदर सावरला.

"आता आलाव व्हय?" ती म्हणाली. "परवाच व्याली ती. ह्या पोरानं सांगितलं तसं चालवली, आपोआप मोकळी झाली. रेडी झालीय." डॉक्टर गाडीवरूनच रेडी बघायला मागत होते, मावशीनं ती उचलून आणली, आणि त्यांनी तिची पापणी खाली ओढून बघितली, माझी बघितली होती तशीच. निघताना मावशीनं चिकाची चरवी आणली. ती मी त्या लोखंडी कड्यात ठेवली. गोणपाटाची गरज पडली नाही, घट्ट बसली.

फाट्यावर पोचलो तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं कमी. आजोबा लिंबाखालून काठी टेकत उठले. डॉक्टर मला म्हणाले, "ते लंगडायचं ते कुठाय? भुशावर ठेवलं होतं ते?"

मी टाकी पुसायला लागलो. आजोबा पुढं आले आणि म्हणाले, "मीच की. शेकल्यानं लई फरक पडला, डॉक्टर. पण बायको भुसा झाडून घे म्हणायलीय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता गाडी परत घेतात. पण ते हसलेही नाहीत. त्यांनी मला गाडी आडवी लाव म्हटलं, मी धरून उतरवलं, आणि ते त्या दगडावर आजोबांच्या शेजारी बसले. आपला सरळ पाय त्यांनी पुढं केला, आजोबांनी आपला. डॉक्टरांनी आधी त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर बोट दाबलं, मग स्वतःच्या.

"तुझा उजवा का डावा?"

"उजवा. तुमचा?"

"दोन्ही. हिनं खाल्ले." डॉक्टरांनी गाडीकडं मान हलवली. मग मला म्हणाले, "तू जा. सात वाजायले. मी दुपारच्या एसटीनं जाईन. भुसा किती जाड टाकला ते जरा बघू दे."

मी किक मारली. वस्तीवरच्या चुलींचा धूर वर येत होता. धब, धब, धब करत मी तिथून गेलो आणि मागं वळून न बघताही मला कळलं की घरोघरी आता फडक्यात भाकरी बांधायला घेतल्या असतील. गेटपाशी पोचून मी पिन उघडली, बोटाला टोचून घेतली, कुलूप काढलं. आठाला पाच कमी असताना आडवाटेनं पहिली बाई दिसली.